न तपासलेला खडा

माझ्या मावशीला आमच्या गल्लीत सगळे 'भिंग' म्हणायचे. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं, कारण पाठीमागे काय चाललंय हे तिला समोरच्यापेक्षा जास्त ठाऊक असायचं.

तिचं कामच तसं होतं. जवाहिरे तिच्याकडे खडे पाठवायचे आणि कुठला अस्सल, कुठला काचेचा, हे ती सांगायची. तिने 'काच' म्हटलं की विषय संपला, मग आणणारा कितीही हातवारे करो. दिवसभर खोटेपणा शोधायचा आणि दिवे लागले की भोळंभाबडं व्हायचं, असं कुणाला जमतं? मावशीला नाही जमलं. दूधवाल्याने माप ओतलं की ती पातेलं तिरकं करून बघायची. वाण्याची साखर घरी पुन्हा तोलली जायची, आणि काटा नाजूक, खडे तोलायचा, म्हणून चिमूट चिमूट करून. निम्मी साखर मुंग्या न्यायच्या, तो भाग वेगळा. मी टपाल कचेरीत नोकरीला लागून तिच्याकडे राहायला आले, तेव्हा माझी पिशवी खाली ठेवायच्या आत तिने विचारलं होतं, "खरं सांग, तुम्ही लोक पत्रं फोडून वाचता ना गं?"

मी नाही म्हटलं. तिने मान हलवली, पण ती पटल्याची मान नव्हती.

तिची कामाची खोली म्हणजे घराची पुढची खोली. मोठी खिडकी, खिडकीला लागून टेबल, टेबलावर पांढरं कापड, आणि खडा घरंगळू नये म्हणून चारी बाजूंनी लाकडाची बारीक पट्टी. फरशीच्या फटी सिमेंटने बुजवलेल्या. केर बाहेर ढकलायचा नाही, आत ओढायचा, आणि तो सुपलीत घेऊन उजेडात चाळायचा. चिमट्यातून खडा सुटला की मावशी ओरडायची, "पाय!" मग ज्याचा पाय जिथे असेल तिथे तो राहिला पाहिजे. खडा सापडेपर्यंत कुणी हलायचं नाही, खोलीबाहेर तर अजिबात जायचं नाही. एकदा मी चहाचा ट्रे घेऊन उंबरठ्यावर एका पायावर उभी राहिले होते, चहावर साय धरेपर्यंत. आणि सगळ्यांत मोठा नियम वजनाचा. खडा आला की आणणाऱ्यासमोर तोलायचा, गेला की नेणाऱ्यासमोर तोलायचा. सख्खा भाऊ असला तरी वजन केल्याशिवाय पुडी हातात द्यायची नाही. त्या धंद्यात माणसं एकमेकांना नमस्कार करायला विसरतील, वजन करायला नाही.

टेबलाच्या कोपऱ्यात लवंगेच्या तेलाची बाटली आणि एक काचेची वाटी असायची. त्या तेलाचा वास घरभर मुरला होता. पडद्यांना, उशांना, माझ्या कचेरीच्या साड्यांना. शेजारी बसणारी विचारायची, "तुझी दाढ अजून दुखतेय का गं?"

ते तेल कशासाठी, हे मला कळलं ते वहिनी घरात आल्यावर. वहिनी म्हणजे मावशीची सून, माझ्या मावसभावाची, दादाची, बायको. तिचे वडील दागिने घडवणारे. हे स्थळ आलं तेव्हा मावशीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. "कारागिराची पोर आहे," ती म्हणाली, "बोटं हलकी असणार." दादाने हट्ट धरला म्हणून लग्न झालं. मग महिन्याभरात मावशीनेच तिला टेबलाशी बसवून काम शिकवायला घेतलं. मी नवल केलं तर म्हणाली, "स्वयंपाकघरात काय करते ते मला इथून दिसत नाही. इथे निदान डोळ्यांसमोर राहील."

शिकवायची मात्र मनापासून. पाण्याच्या पेल्यात चमचा ठेवून विचारायची, "मोडलाय का?" वहिनी म्हणायची, नाही. "मग मोडलेला का दिसतो?" आणि मग स्वतःच सांगायची. "उजेड हवेतून पाण्यात शिरला की त्याची चाल मंदावते. तिरका शिरला तर चाल मंदावताना वाटही वाकते. नव्या घरात पाऊल टाकताना सून वाकते ना, तसं. घर जितकं दाट, तितकं जास्त वाकायचं. पाण्यात थोडं, काचेत त्याहून जास्त, पुष्कराजात आणखी. खडा चमकतो तो या वाकण्यामुळे. आता हे बघ." आणि ती चिमट्याने एक पांढरा खडा तेलाच्या वाटीत सोडायची. खडा तळाशी जाऊन बसायचा, कडा ठळक, पैलू न् पैलू मोजून घ्यावा असा. "हा पुष्कराज. आणि हा बघ दुसरा." दुसरा खडा तेलात शिरायचा आणि शिरता शिरता नाहीसा व्हायचा. वाटीत नुसतं पिवळट तेल.

"गेला कुठे?" मी दारातून विचारलं होतं.

"आहे तिथेच आहे. तो काचेचा. हे तेल आणि ही काच, दोन्ही सारखीच दाट. उजेड तेलातून काचेत शिरला तरी त्याला वाकावं लागत नाही. घर बदललं हेच त्याला कळत नाही. आणि जे उजेडाला कळत नाही, ते आपल्या डोळ्याला कुठून कळणार?" मग वहिनीकडे वळून म्हणाली, "लक्षात ठेव. अस्सल असतं ते तेलात दिसतं. खोटं असतं ते मिसळून जातं. माणसांचंही तसंच असतं."

वहिनीने चिमट्याने दोन्ही खडे काढून पुसून ठेवले. ती कमीच बोलायची, आणि मावशीच्या हिशेबी कमी बोलणाऱ्या माणसात नक्की काहीतरी पाणी मुरत असतं.

या सगळ्या जगात मावशीने फक्त एका माणसावर कधी संशय घेतला नाही. माझे काका, तिचे यजमान. ते पैलू पाडणारे कारागीर होते. दिवसभर चाकाशी बसायचे, खडा घासायचे, बघायचे, पुन्हा घासायचे. मी त्यांना फार बघितलं नाही, मी इथे आले त्याआधीच ते गेले. पण त्यांची अंगठी रोज बघत होते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी मावशीला पांढऱ्या पुष्कराजाची अंगठी दिली होती. पैलू स्वतः पाडलेले. "असा खडा बाजारात मिळणार नाही," असं म्हणाले होते म्हणे. ती अंगठी तिच्या बोटातून कधी उतरली नाही. भांडी घासताना नाही, आजारपणात नाही, काका गेले त्या दिवशीही नाही. एकदा मी चेष्टेने म्हटलं, "मावशी, हा खडा तपासला होतास का गं?" ती माझ्याकडे अशी काही बघत राहिली की मी चहा करायला उठले.

आता त्या दिवसाचं सांगते.

माझी सुट्टी होती. काकांची थोरली बहीण, आम्ही सगळे तिला आत्याबाई म्हणायचो, काही दिवस राहायला आली होती. आत्याबाई म्हणजे भावाचं नाव निघालं की पदर डोळ्यांना, आणि आमच्या वहिनीचं नाव निघालं की पदर कमरेला. एका जवाहिऱ्याकडून पांढऱ्या खड्यांची पुडी आली होती. मावशी सकाळपासून तीच तपासत होती आणि शेजारी वहिनी. जेवणं झाल्यावर पुन्हा बसल्या. मध्येच वहिनी उठली, टेबलाची कड पुसली, वाटी जागेवर सरकवली आणि कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून ब्लाउज आणायला गेली. थोड्याच वेळात परत आली.

आणि मावशी ओरडली, "पाय!"

आम्ही थिजलो. मी झोपाळ्यावर, पाय अधांतरी. आत्याबाई दारात. वहिनी टेबलाशी, हातात ब्लाउजची पिशवी. मावशीने हात वर धरला होता. अंगठी होती, खडा नव्हता. खडा धरून ठेवणारं सोन्याचं एक नख वाकलेलं आणि मध्ये नुसता खड्डा.

दुसऱ्या हाताने ती तो खड्डा पुन्हा पुन्हा चाचपत होती.  मी तिला असं कधी बघितलं नव्हतं.

मग शोध सुरू झाला. टेबल, पट्ट्यांच्या खाचा, पांढरं कापड झटकून, खुर्चीची गादी, मावशीच्या साडीच्या निऱ्या, केस. वाटीत मावशीने स्वतः वाकून बघितलं. मी बघितलं. आत्याबाईनेही चष्मा लावून बघितलं. तेल स्वच्छ, तळ लख्ख. वाटीखालच्या कागदाचा पांढरा रंगसुद्धा दिसत होता. चिमटा घालून बघायची कुणाला गरज वाटली नाही. पुष्कराज तेलात कसा दिसतो हे त्या घरात पोरासोरांनाही माहीत होतं. नव्हता म्हणजे नव्हता. फरशी झाडली, केर चाळला. जवाहिऱ्याचे खडे तोलून बघितले, बरोबर भरले.

मग सगळं बघून झालं आणि बघण्यासारखी एकच जागा उरली. आत्याबाईने ती बघितली. मग मावशीने. माझीही मान तिकडे वळली, आमचं आजोळच तसलं.

"तू बाहेर गेली होतीस," मावशी म्हणाली.

"आई, तेव्हा खडा पडल्याचं कुठे कळलं होतं?"

"तेच म्हणतेय मी. मला कळायच्या आत तू बाहेर जाऊन आलीस. टेबल पुसलंस आणि लगेच गेलीस. आजच कसा आणायचा होता ब्लाउज?"

"शिंपी म्हणाला होता, आज ये."

"शिंपी म्हणाला!" आत्याबाईने हे दोन शब्द असे उच्चारले की शिंपी कटात सामील असावा.

वहिनीने पिशवी टेबलावर उलटी केली. ब्लाउज, दोऱ्याचं रीळ, बस. मावशीने ब्लाउजच्या शिवणी चाचपल्या. तिने चाचपल्या, हे मी बघितलं आणि मान वळवली. तेवढ्यात आत्याबाईला आठवलं. परवा आपण खोलीत गेलो तर हिने कपाट झटकन लावलं होतं. झालं. वरात वहिनीच्या खोलीत. कपाट उघडलं, साड्या बाजूला सारल्या, तर मागे रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. आत्याबाईचे डोळे चमकले. गाठ सोडली.

बिस्किटांचा पुडा निघाला. अर्धा संपलेला.

मला हसू फुटणार होतं. पण वहिनीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ते घशातच राहिलं. आमच्या घरात बिस्किटं मोजून डब्यात ठेवली जायची आणि मोजूनच बाहेर यायची. लग्न होऊन दोन वर्षं झालेली बाई भूक लागली तर साड्यांमागे लपवून खात होती, आणि ते आता आम्ही सगळ्यांनी मिळून रुमालावर मांडून बघत होतो.

वहिनीने पुडा उचलला, पुन्हा रुमालात बांधला. मग शांतपणे म्हणाली, "मी माहेरी जाते."

 मावशीने त्यावर जे म्हटलं ते मी अजून विसरलेले नाही. "जा. पण जाताना पिशवी दाखवून जा."

संध्याकाळी दादा घरी आला तोवर वहिनीची पिशवी भरून झाली होती. आत्याबाईने त्याला दारातच गाठून सगळं सांगितलं, मीठमसाला लावून. तो बिचारा बुटाची एक नाडी सुटलेली, एक बांधलेली, अशा अवस्थेत पुढच्या खोलीत येऊन उभा राहिला. मावशी रिकामी अंगठी घालून खुर्चीत बसली होती. वहिनी बाहेर आली. पण पिशवी दाराशी ठेवून ती आधी टेबलाकडे गेली. दिवसाचं काम संपलं की वाटीतलं तेल फडक्यातून गाळून बाटलीत परत ओतायचं, हे तिचं काम होतं.

"राहू दे ते," मावशी म्हणाली.

"उद्या कुणी म्हणायला नको, काम टाकून गेली," वहिनी म्हणाली आणि तिने बाटलीवर नरसाळं ठेवलं, नरसाळ्यावर फडकं धरलं, वाटी कलती केली.

टक्.

एवढासा आवाज. वाटीच्या काठावर काहीतरी आपटलं आणि फडक्यात पडलं. तेल खाली उतरत गेलं तसा फडक्यावर खडा दिसू लागला. आधी एक कड, मग दुसरी, मग लखलखीत सगळाच.

"सापडला!" दादा ओरडला. "बघ आई, वाटीतच होता! उगाच सगळ्यांनी..."

मावशी उठली नाही.  तिचं लक्ष खड्याकडे नव्हतंच. ती वहिनीकडे बघत होती आणि वहिनी तिच्याकडे. दोघींचे चेहरे पांढरेफटक. दोघींना एकाच वेळी काहीतरी कळलं होतं आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं.

"थांब रे," आत्याबाई पुढे आली. "सापडला म्हणे! दुपारी आम्ही तिघींनी त्या वाटीत बघितलं. तुझ्या आईने बघितलं. खडा नव्हता. मग आता आला कुठून? आकाशातून?" तिने वहिनीकडे बोट केलं. "पिशवी तपासणार म्हटल्यावर घाबरली आणि हळूच टाकला वाटीत. आता आपल्याच हाताने काढून दाखवतेय, जादू करून."

  आम्ही खरंच बघितलं होतं. तेल स्वच्छ होतं. खरं सांगते, आत्याबाईच्या बोलण्यात मला त्या क्षणी एकही फट दिसली नाही.

दादा बायकोजवळ गेला. आवाज खाली आणून, समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे बघ, घेतला असशील तर सांगून टाक. कुणी काही म्हणणार नाही."

असलं मऊ बोलणं चाबकापेक्षा वाईट. वहिनीचे ओठ हलले. पण तिने दादाकडे बघितलं नाही, मावशीकडेच बघितलं. आणि तोंडातून ब्र काढला नाही. फडकं हातात तसंच धरून उभी राहिली, बोटांवरून तेल मनगटापर्यंत ओघळत.

मावशीला एक शब्दही बोलायची गरज नव्हती, हे मला नंतर कळलं. ती नुसती गप्प राहिली असती तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. तिची अंगठी, तिचा नवरा, तिचं गल्लीतलं नाव. जायची ती एकटी वहिनी गेली असती, चोर ठरून. आणि वहिनी तशी जायला तयार होती.

मावशी उठली.

"वन्सं, इकडे या," ती म्हणाली. "तूही ये रे. सगळे या."

तिने बाटलीतलं तेल पुन्हा वाटीत ओतलं. वाटी खिडकीशी नेऊन ठेवली, बाहेर अजून उजेड होता. जवाहिऱ्याच्या पुडीतून एक खडा चिमट्याने उचलला. "हा पुष्कराज. सकाळी तपासलाय." तो तेलात सोडला. तो तळाशी जाऊन बसला, ठसठशीत. "दिसतो?"

"दिसतो की," आत्याबाई म्हणाली.

मग मावशीने वहिनीच्या हातातल्या फडक्यावरून आपला खडा उचलला. चिमटा वाटीवर नेला आणि थांबली.    मग तिने चिमटा उघडला.

खडा तेलात शिरला आणि गेला.

वाटीत एकच खडा दिसत होता, जवाहिऱ्याचा. आत्याबाईने चष्मा पुसून बघितलं. दादाने वाटी हलवली तेव्हा काचेवर काचेचा तोच बारीक आवाज झाला.

"दुपारपासून तो इथेच होता," मावशी म्हणाली. "माझ्याच बोटातून पडला, काम करताना. आपल्याला दिसला नाही, कारण तो काचेचा आहे. पुष्कराज असता तर दिसला असता. मी पुष्कराज शोधत होते, म्हणून मला दिसला नाही." मग म्हणाली, "हिने काही घेतलं नाही. हिने काही टाकलं नाही."

"माझा भाऊ काचेचा खडा देईल?" आत्याबाईचा आवाज चिरकला. "त्याला कुणीतरी फसवलं असेल! भोळा होता तो."

इथे मावशीला सुटायची वाट आयती मिळाली होती. हो म्हटलं असतं तर भागलं असतं. पण तिने चिमट्याने चाचपडत खडा बाहेर काढला, पुसला, आणि गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खूप वेळ बघत राहिली.

"नाही वन्सं. त्यांना कुणी फसवलं नाही. खड्याचं पोट, हा खालचा भाग, बघा किती खोल ठेवलंय. पुष्कराजात उजेड भरपूर वाकतो, म्हणून पोट उथळ ठेवलं तरी तो आतून फिरून वर येतो. काचेत तेवढा वाकत नाही, खालून निसटून जातो. तो निसटू नये म्हणून पोट खोल ठेवायचं आणि पैलू उभे पाडायचे. हे त्यांनी मुद्दाम काचेसाठी पाडलेत. काच आहे हे त्यांना ठाऊक होतं." तिने भिंग खाली केलं. डोळे भरून आले होते आणि ती चिडलेलीही होती. "कसला लबाड माणूस! किती रात्री बसला असेल याच्यावर. असा खडा बाजारात मिळणार नाही, म्हणे. खरंच मिळणार नाही. काचेवर एवढी मेहनत कोण करेल?"

आत्याबाई मटकन झोपाळ्यावर बसली. दादा काहीतरी पुटपुटत वहिनीकडे वळला, तर मावशी त्याच्यावर कडाडली, "तू बोलू नकोस. मी निदान वाटीत बघून चुकले. तू तर न बघताच निकाल दिलास."

मग ती सुनेसमोर येऊन उभी राहिली.

"तुला आवाज झाला तेव्हाच कळलं ना?"

"हो."

"मग बोलली का नाहीस? एका वाक्यात सुटली असतीस."

"तुम्ही तो खडा कधी तपासला नव्हता," वहिनी म्हणाली. "मी कोण तपासणारी?"

मावशीचा चेहरा वेडावाकडा झाला. तिला रडता येत नसे, सवय नव्हती. "मी चुकले," ती म्हणाली. "तुझ्या ब्लाउजच्या शिवणी चाचपल्या मी. मला लाज वाटते."

आता वहिनीने पाया पडावं, मावशीने कवटाळावं, असं काही झालं नाही. वहिनीने हात पुसले, वाटी पुसली, तेल बाटलीत भरलं, बूच लावलं. म्हणाली, "तरीही मला माहेरी जायचंय, आई. थोडे दिवस. आज इथे राहवणार नाही."

मला तिचं काहीच चुकीचं वाटलं नाही. आणि ती परत येणार नाही, अशी माझी खात्रीच झाली.

मावशीने मान डोलावली. मग टेबलाशी जाऊन तिने कागदाला घड्या घालून पुडी केली, तिच्या त्या ठरावीक पाच घड्या. बोटातली अंगठी काढताना वेळ लागला, सांध्यावर अडकून बसली होती. अंगठी आणि खडा पुडीत ठेवले आणि पुडी वहिनीपुढे धरली.

"तुझ्या वडलांना सांग, नख सरळ करून खडा पुन्हा बसवून द्या."

वहिनीने पुडी घेतली नाही. तिची नजर आपोआप काट्याकडे गेली. "वजन?"

"नको."

"आई, वजन न करता कशी नेऊ?"

"तशीच ने," मावशी म्हणाली. "आणि ती पिशवी उचल. मला काही दाखवू नकोस."

वहिनी गेली. दादा तिला सोडायला गेला आणि तिच्या घराच्या दारातूनच परत आला, आत या असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. आत्याबाईनेही दुसऱ्या दिवशी आपलं गाव गाठलं. मावशी टेबलाशी बसायची, काम करायची. बोटावर अंगठीच्या जागी पांढरा, मऊ पट्टा उमटला होता, त्यावरून दुसऱ्या हाताचा अंगठा फिरवत राहायची. एका जवाहिऱ्याने विचारलं, "बाई, तुमचा पुष्कराज कुठे?" मी कान टवकारले. मावशी म्हणाली, "पुष्कराज नाही तो, काच आहे. सुनेकडे दिलाय बसवायला." जवाहिरा हसला, त्याला वाटलं थट्टा. रोज संध्याकाळी ती तेल स्वतः गाळायची. बिस्किटांचा डबा मात्र कुणी बघत नसताना फळीवरून खाली, ओट्यावर आला. 

एके दुपारी दार वाजलं. मी उघडलं. वहिनी. हातात तीच पिशवी. माझ्याकडे बघून अर्धवट हसली आणि सरळ टेबलाशी गेली. पदराच्या गाठीतून पुडी काढली, कागद उलगडला, अंगठी काढली आणि काट्याचं झाकण उघडून पारड्यात ठेवू लागली.

"बघून घ्या आई. बाबांनी म्हटलंय, समोर बघूनच घ्या."

मावशीने काट्याचं झाकण लावून टाकलं. भिंग गळ्यात लोंबत होतं, त्याला तिने हात लावला नाही. आमच्या घरातली सगळ्यात संशयी बाई डोळे मिटून बसली आणि तिने तो रिकामा पट्टा असलेलं बोट सुनेपुढे धरलं.

"घाल," ती म्हणाली.